हातावरची गाठ

सुचिता खोकायला लागली, तसं सासूनं तिचं ताट गोठ्यात हलवलं. "टीबीवाली पोरगी मारली आमच्या गळ्यात," म्हणत तिला मोताळ्याच्या दवाखान्यात तपासणीला नेलं. एका घरात राहणाऱ्यांचीही तपासणी लागते म्हणून सिस्टरनं टीबीच्या जंतूचा अर्क दोघींच्याही हातात टोचला.

तिसऱ्या दिवशी सुनेचा हात कोराच होता. सासूच्या हातावर मात्र टणक गाठ आली.

"जंतू ओळखीचा असला, की अंगातल्या पेशी तिथं धावून येतात, मावशी," सिस्टर म्हणाली. "तो आत दडलाय. छातीचा फोटो साफ आहे, म्हणजे कोणाले लागणार नाही. गोळ्या तेवढ्या घ्या."

घरी येताच सासू आपलं ताट घेऊन गोठ्याकडं निघाली. सुचितानं ते हातातून ओढलं, चुलीजवळ मांडलं आणि त्यातच आपलीही भाकर मोडली.

"बसा इथंच, आत्याबाई. मी नाही भेत तुम्हाले."