मागणीचा दिवस

“त्या दिवशी अजिबात नाही,” म्हणत नान ओलायाने चटईवरच्या लाल बिया हाताने गोळा केल्या. “तो कुत्र्याचा दिवस. त्या दिवशी मागणी घातली की नवरा जन्मभर दारोदार हुंगत फिरतो.”

समोर बसलेल्या तात गास्पारचं तोंड पडलं. (तिकडे थोरल्या बाईला मानाने नान म्हणतात आणि पुरुषाला तात.) अख्ख्या मोमोस्तेनांगो गावात त्याने विणलेल्या घोंगड्यांना तोड नव्हती, पण बोलायची वेळ आली की या माणसाची दातखीळ बसायची. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरी तो आणि त्याचा तेवीस वर्षांचा तेओ, दोघेच. बाप-लेकांनी थापलेल्या मक्याच्या भाकरी शेजारच्या कोंबड्यासुद्धा विचार करून खायच्या. आता मागणी घालायचं ठरलं होतं, आणि चांगला दिवस पाहिल्याशिवाय या गावात कुणी बीसुद्धा पेरत नाही. दिवस मोजावेत ते नान ओलायानेच. जुन्या माया पंचांगातली वीस दिवसांची नावं, त्यांना जोडायचे तेरा आकडे, सगळं तिच्या जिभेवर. नवरा वारल्यावरही तिने हे काम एकटीने सांभाळलं होतं.

“मुलीचा जन्मदिवस सांगा,” ती म्हणाली.

“तो कसा विचारू? अजून तिच्याशी या विषयावर बोललोच नाही.”

“मग नाव तरी?”

तात गास्पारने टोपी गुडघ्यावर गोल फिरवली. “दिवस ठरू दे, मग सांगतो.”

“बरं. वीस दिवसांनी या.”

बाकीचे लोक तिच्याकडे मेणबत्त्या घेऊन यायचे. याने गोड पावांची टोपली आणली होती. ती चटईजवळ ठेवून तो उठला.

अंगणात नान सेबेरा आपल्या पाळीची वाट बघत बसली होती. तिचे कान तिखट आणि तोंड त्याहून तिखट. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की तेओचं जमतंय. बाजारात पोरांनी त्याला घेरलं.

“कोण रे ती?”

“आईशप्पथ, मलाच माहीत नाही!” तेओ म्हणाला. पोरं पोट धरधरून हसली.

वीस दिवसांनी तात गास्पार गरम पाण्यात विरघळवून प्यायच्या चॉकलेटच्या वड्या घेऊन हजर झाला. नान ओलायाने बिया चार-चार करून मांडल्या, मोजल्या आणि मान हलवली.

“वाऱ्याचा दिवस निघतोय. घरात भांडणं होतील, भांडी उडतील.”

“उडू देत. मी उचलीन.”

तिने हसू दाबलं. “नाही म्हटलं ना. पुन्हा या.”

“नान, उशीर झाला तर हातची जाईल हो,” तात गास्पार एकदम बोलून गेला. “शेला शहरातला तो लोकरीचा व्यापारी वाट वाकडी करून तिच्या दारात थांबतो.”

“तो होय? त्याचं खेचरसुद्धा त्याचं ऐकत नाही. तुम्ही नका घाबरू.”

पण त्याच्या जिवाला घोर लागला तो लागलाच. तिसऱ्या खेपेला तो भल्या सकाळी आला, काखेत नवीकोरी घोंगडी घेऊन. नान ओलायाने ती उलगडून तिच्यावर विणलेली नक्षी पाहिली.

“तात, या हरणाला पाच पाय आहेत.”

“लक्ष ठिकाणावर नव्हतं,” तो म्हणाला आणि मग बांध फुटल्यासारखा बोलतच सुटला. “घर खायला उठतं, नान. जेवताना समोर कुणी नाही, काही मनात आलं तर सांगायला कुणी नाही. तेओ आपल्या मित्रांत असतो. आता धीर धरवत नाही. कुत्रा असो, वारा असो, कुठला तरी दिवस द्या.”

नान ओलायाने बियांची पिशवी उघडलीच नाही. “आजचा घ्या. आज धाग्याचा दिवस. सोयरिकीला याहून चांगला दिवस नाही.”

तात गास्पार ताडकन उठला, दोन पावलं गेला आणि पुन्हा मटकन खाली बसला.

“पण आज जाऊन तरी काय? आपली रीतच अशी. पहिल्या खेपेला तिकडून नाही म्हणणार, दुसऱ्या खेपेलाही नाहीच म्हणणार. तिसऱ्या खेपेपर्यंत तो व्यापारी तिला घेऊनही जाईल.”

“पाव खाऊन झाला, चॉकलेट पिऊन झालं, दोनदा नाही म्हणून झालं,” नान ओलाया घोंगडी खांद्यावर ओढून घेत म्हणाली. “आता मी हो म्हणायला बसले आहे, तर तुम्ही अजून मुलीचं दार शोधताय का, गास्पार?”