नवरदेवाचं हेलिकॉप्टर

सैनिक निवृत्त होतो, त्याचं यंत्र कधीच निवृत्त होत नाही. त्याचा लिलाव होतो.

वायुदलाचे पायलट हसनैन साहेब ज्या चेतक हेलिकॉप्टरमधून डोंगरातले जखमी जवान खाली आणत, ते रिसोडच्या मांगीलालशेठनं भंगारात घेतलं आणि गुलाबी रंग देऊन आपल्या मंगल कार्यालयाच्या दारात उभं केलं. नवरदेवानं त्यातून ऐटीत उतरून मांडवात जायचं, अशी योजना. पहिल्याच लग्नाला, निवृत्तीनंतर रिसोडलाच राहणारे हसनैन साहेब जुना गणवेश घालून आले आणि पायलटच्या सीटवर जाऊन बसले.

"उतरा ना साहेब," शेठ म्हणाला. "नवरदेवाले समोर बसाचं हाय. फोटोवाले खोळंबून राह्यले."

"तो मांगं बसंल. आन त्याले सांगा, फेट्याचा तुरा काढून ये. वरच्या पंख्यात अडकते."

"पंखे कुठी हायेत? आत इंजिनबी नाही."

"म्हणून काय नियम बदलते, शेठ? माह्या मशीनमंदी माहंच चालते."

शेठनं हात जोडले, बँड थांबला, मुहूर्त टळायची वेळ आली. साहेब हलले नाहीत. शेवटी नवरदेवानंच तुरा काढला आणि वाकून मुकाट्यानं मागच्या सीटवर जाऊन बसला.



आता मांगीलालशेठच्या पॅकेजमध्ये हेलिकॉप्टर पायलटसह मिळतं, आणि साहेबांच्या मेअखेरपर्यंतच्या तारखा भरल्या आहेत.