शेजारचं घर

अंगणवाडीच्या मालनबाईंनी घोटभर पाणी स्वतःसाठी ठेवलं आणि बाकीचा तांब्या रंगांच्या डब्यांत ओतला. गेरू, चुना, नीळ. टँकर आता परवाच येणार होता.

दुष्काळात गावातलं दूध आटलं, तशी दूध सोसायटीची खोली रिकामी पडली. मग अंगणवाडी तिथंच भरू लागली. खोलीत एक मोठी कोरी भिंत होती. मालनबाईंनी पोरांना सांगितलं, "आपलं गाव काढायचं. पन सोताचं घर न्हाई काढायचं. दुसऱ्याचं काढायचं. आधी जाऊन बघून या, त्यांच्यात काय काय असतंय ते."

पोरं गावभर हिंडून आली. आता भिंतीवर मिनाजच्या घरातलं शिलाई मशीन होतं, दोरीवर वाळत घातलेल्या शेवया होत्या. पलीकडे सुजातच्या घरावर निळा झेंडा. मालनबाई उंबऱ्यावर बसून बघत होत्या. काल टँकरपाशी उभं राहून भरून आलेले पाय अजून मोकळे झाले नव्हते.

सोसायटीचे चेअरमन बबनराव पेंडीची पोती ठेवायला जागा बघायला आले आणि भिंतीपुढं थांबले.

"बाई, हा झेंडा कुनी काढला? सोसायटीचं इलेक्शन तोंडावर आलंय. लोक नाही नाही ते बोलतेत. पुसा तेवढा."

"पुसायला पानी कुठं हाय, दादा?" मालनबाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या.

"म्या काढलाय, आबा." बबनरावांची नात दुर्वा पुढं आली. तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. "सुजातच्या घरावर हाय, तसाच. त्याच्या आजीनं मला शेंगदाने दिले. आत बुद्धाचा फोटो हाय. मी पाया बी पडले."

बबनरावांनी भिंतीवरून नजर फिरवली. त्यांनी विचारलं, "आपलं घर कुठंय?"

दुर्वानं कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तिथं सुजात गुडघ्यांवर बसून रंगवत होता. घर मोठं होतं. ओटा होता, तुळस होती, मधोमध लाल दार होतं. बाकीच्या घरांत चुली होत्या, माणसं होती. ह्या घरात कुणीच नव्हतं.

बबनराव वाकले. "आतलं कावून काढलं न्हाई रे? देव्हारा, मानसं?"

"मला म्हाईत न्हाई," सुजात म्हणाला. "दुर्वाची आजी म्हनली, तिथनंच बघ. मंग दार लावलं. मी लई येळ बघितलं."

बबनराव सरळ झाले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. आता झेंड्याचं काय ते सांगतील म्हणून मालनबाई थांबल्या. ते त्या लाल दाराकडंच बघत होते.

डब्यातली नीळ वाळत आली होती. सुजातनं ती बोटानं खरवडली आणि लाल दारावर बाहेरून लावलेली कडी रंगवली.