सुलतानचा खोकला

मुलांनो, डोळे मिटा आणि सुप्याच्या सडकेवरचा एक तबेला डोळ्यांपुढं आणा. पुढचं-मागचं दार सताड उघडं, आत पांढरा घोडा. लढाईचे दिवस. पेट्रोल मिळत नाही म्हणून माणसं टांग्याची वाट बघताहेत. पण इब्राहिमचा टांगा अंगणात नुसता उभा आहे, कारण त्याच्या सुलतानला दमा झालाय.

इब्राहिमची मुलगी शमशाद या सुलतानवर मनातून जळायची.

गुरांच्या डॉक्टरनं बजावलं होतं, की कोरड्या गवताची धूळ घोड्याच्या छातीत जाते. गवत भिजवून घाला, घोडा मोकळ्या हवेत ठेवा, तो आत असताना झाडू मारू नका. इब्राहिम हे सगळं जिवापाड करी. तेवढं शमशादनं सोसलं. पण मग त्यानं अंथरूणही तबेल्यात नेलं. त्याचं ताट तिकडंच जाऊ लागलं. घोड्याला ताकद यावी म्हणून घरातलं दूध आणि अंडंही तिकडंच. शमशाद मांडीवर बसायला गेली, की माज्या अंगाला धूळ हाय म्हणून तो तिला लांब सारी. पूर्वी टांग्यावर तोच तिला मांडीवर घेऊन लगाम हातात द्यायचा.

"घोडं अंडं खातं व्हय?" तिनं एकदा अम्मीला विचारलं.

"तुज्या अब्बाचं लाडकं लेकरू हाय ते," अम्मी फणकाऱ्यानं म्हणाली. "बिर्यानी बी खाईल."

एका दुपारी शमशादनं कोरड्या, धुळकट गवताची पेंढी काखेत मारली. ही सुलतानपुढं झटकायची. तो खोकून बेजार झाला, की अब्बा कंटाळून त्याला विकतील आणि घरात झोपायला येतील.

ती मागच्या दाराशी पोचली, तोच आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. लांबलचक, घरघरणारी. तिला बरं वाटलं. तिनं आत डोकावलं.

सुलतान ओलं गवत निवांत चघळत होता. पोट संथ हलत होतं, नाकपुड्या शांत होत्या. त्याच्या पलीकडं भिंतीला धरून इब्राहिम वाकला होता. तोंडावरचा रुमाल लाल झाला होता. त्यानं मान वर केली, लेकीला पाहिलं आणि नुसती नकारार्थी मान हलवली.

"कोन खोकतंय गं एवढं?" घरातून अम्मीनं विचारलं.

शमशादनं पेंढी दाराबाहेर ठेवली आणि डोळे पुसले.

"सुलतान हाय, अम्मी," ती म्हणाली.