काड्या वहिनीच्या, कापड दिराचं

काचेपलीकडे डॉक्टरांनी सुतळीएवढी नळी मुलीच्या मांडीतल्या शिरेत सरकवली आणि अलीकडे वहिनीने जीव मुठीत धरला. पडद्यावर चार वर्षांच्या पोरीचं काळीज धडधडत होतं. त्याच्या मधल्या भिंतीला भोक होतं. नळीत मिटलेली छत्री होती, तांदळाच्या दाण्याएवढी.

शेजारी हातभर अंतर ठेवून धाकटा दीर उभा होता. अख्खा बाजार तिला वहिनी म्हणायचा. सख्खा दीर मात्र 'त्या बाई' म्हणायचा. नवरा गेल्यावर घरच्या छत्र्यांच्या कारखान्याची वाटणी झाली. काड्या तिच्याकडे आल्या, कापड त्याच्याकडे. छत्रीवाल्यांचा काडीमोड झाला म्हणून लोक हसले. घडीची छत्री आधी कोणी बनवली, यावरून दोघं कोर्टात गेली. दोघंही म्हणायची, मीच.

मग हृदयाची उपकरणं बनवणारी कंपनी दाराशी आली. आपला आकार न विसरणारी तार त्यांच्याकडे होती, पण तिची भोक बुजवणारी छत्री नळीत मावेल अशी मिटवावी कशी ते जमत नव्हतं. त्यांनी दोघांना एका टेबलाशी बसवलं. दोघं कंपनीच्या इंजिनिअरमार्फत बोलायची. कापड दर वेळी घडीवर फाटायचं, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवायचा. शेवटी इंजिनिअरने या मुलीच्या हृदयाचं चित्र समोर धरलं. हिला आता थांबता येणार नाही, एवढंच तो म्हणाला.

वहिनीने टेबलावरची तार उचलली. मग कोर्टालाही न दाखवलेली खुबी तिने दिरापुढे ठेवली.

"भावजी, मी काडी टोकाला वाकवत नाही, मधोमध पोटात वाकवते. बघा, कापडावर ताण येतोय का."

दिराने तार हातात घेऊन फिरवली. "मी कापड तिरकं कापतो, मग ते ताणलं तरी फाटत नाही," तो हळूच म्हणाला. "हे मीही कोणाला सांगितलेलं नाही."

आता पडद्यावर नळीच्या टोकाशी एक ठिपका दिसला. मग एकेक काडी फुलत गेली. धडधडत्या काळजात, रक्ताच्या लोंढ्यात, छत्री अलगद उघडली आणि भोकावर जाऊन बसली. वाट चुकलेली रक्ताची धार थांबली. वहिनीच्या अंगावर काटा आला. आयुष्यभर पाऊस अडवणारे आपले हात तिने नव्याने पाहिले. शेजारी दीर डोळे पुसत होता.

थोड्या वेळाने डॉक्टर मुलीच्या आईला घेऊन आले.

"ही छत्री बनवली कोणी?" तिने विचारलं.

वहिनीने दिराकडे बोट दाखवलं, आणि त्याच क्षणी दिराने वहिनीकडे.