बधिर आहे तोवर

“औषधाचा अंमल किती वेळ राहतो म्हणालात?” बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

सिस्टरला हसू आलं. “आजोबा, टाके घालतानाच जखमेच्या कडेकडेने बधिरतेचं औषध टोचलंय. संध्याकाळपर्यंत कळ येणार नाही. खोकताना, हसताना तेवढी ही उशी पोटावर दाबून धरायची.”

“पोट माझं कापलंय,” सिस्टर गेल्यावर लेक खाटेवरून म्हणाली, “आणि तोंड तुमचं उतरलंय.”

बाबा खिडकीकडे वळले. लेकीला ऑपरेशनसाठी आत नेण्याआधी, पहाटेच, दोन मजले वर तिच्या आईने डोळे मिटले होते. आत्याने दारातच बजावलं होतं, “टाके निघेपर्यंत अवाक्षर काढू नकोस, दादा. रडून रडून जीव जाईल पोरीचा.” त्यांनी मान डोलावली होती. पण उद्या-परवा कुणाच्या तरी तोंडून निसटणारच. आणि तोवर जखम जागी झालेली असणार.

“आईला बाळाचा फोटो दाखवलात?”

“हं.”

“नुसतं हं काय? नाक माझ्यावर गेलंय म्हणून मिरवत असेल. मला कधी नेताय वर?”

बाबांनी स्टूल पुढे ओढलं. “जरा खोकून बघ बरं.”

“आँ?”

“बघ तर खरं.”

तिने उशी दाबून खोकून दाखवलं. “ओढल्यासारखं वाटतं. दुखत नाही.”

“अजून जोरात.”

ती पुन्हा खोकली, हसतच. मग त्यांच्याकडे पाहता पाहता तिचं हसू विरलं.

“बाबा?”

त्यांनी तिचा हात धरला. “आई गेली गं, पहाटे. आत्ता रडून घे, बाळा. आत्ता दुखणार नाही.”

खाट कितीतरी वेळ हलत राहिली. पाळण्यातलं बाळ दचकून उठलं, कुरकुरलं, आपणच पुन्हा निजलं. बाबा ओठ घट्ट मिटून दोन्ही हातांनी तिची उशी दाबून बसले होते. मधेच त्यांच्या पोटातून एक आवाज आला. अर्धा बाहेर, अर्धा गिळलेला.

लेकीने उशी त्यांच्या हातांखालून काढून घेतली आणि त्यांच्या पोटाशी धरली.

“ही तुम्ही धरा, बाबा,” ती म्हणाली. “मला औषध टोचलंय.”