सतरा नंबरची कुंडी

तांब्या सतरा नंबरच्या कुंडीमागे सापडला. तळाशी अजून बोटभर पाणी होतं. सुनीतीने तो बाहेर नेऊन रिकामा केला आणि परत येऊन ती कुंडीसमोर उभी राहिली.

पुण्यातल्या एका शेती संशोधन केंद्रातला हा प्लास्टिकचा तंबू. आत गव्हाच्या वीस वाणांच्या वीस कुंड्या आणि दुपारचं बेचाळीस अंश तापमान. जानेवारीत सुनीतीने स्वतःच्या हाताने या रोपांवर मावा सोडला होता, विषाणूचा रोग अंगावर घेऊन आलेली बारीक कीड. फेब्रुवारीपासून तंबूतली उष्णता वाढवत नेली आणि पाणी तोडलं. आठवड्यातून दोनदा, मापाने, तेवढंच. रोग आणि ऊन दोन्ही सोसून जो वाण दाणा धरील, तो पुढे शेतकऱ्यांच्या रानात जायचा. इथे रोपं जगवायची नसतात, कोण जगतं ते बघायचं असतं.

मार्चच्या मध्यापर्यंत एकोणीस वाण पिवळे पडून वाळले. सतरा नंबर हिरवागार होता. ओंबीतला दाणा दाबला की दूध येत होतं. तीन वर्षांच्या कामात असं एकदाही झालं नव्हतं, आणि उद्या सकाळी तज्ज्ञांची समिती बघायला येणार होती. पण चोरून पाणी पाजलेलं रोप समितीपुढे ठेवायचं म्हणजे कॉपी करून पास झालेल्या पोराचा हार घालून सत्कार करायचा. आता सतरा गेला, की तीन वर्षं गेली.

तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माधव गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं.

नवरा जाऊन एक्केचाळीस दिवस झाले होते. वारज्याच्या घरी सासूबाईंनी अंथरूण धरलं होतं. त्यांच्याजवळ बसायला नातेवाइकांनी पाळ्या लावून घेतल्या. कोणी मऊ भात घेऊन येई, कोणी पाय चेपून देई. या सगळ्यांचा चहा सुनीती करायची. चौदाव्या दिवशी ती कामावर हजर झाली, कारण कुंड्यांच्या नोंदी अडल्या होत्या. “सुनीतीची काळजी नाही हो, ती खंबीर आहे,” असं लोक दारात चपला घालताना एकमेकांना सांगत. ते बहुधा तिला ऐकू जावं म्हणूनच. तिनेही ते मान्य करून टाकलं. एक्केचाळीस दिवसांत तिने कोणाकडे काही म्हणून मागितलं नव्हतं.

रंगराव हातातला झाडू टेकवून आत आले. बावीस वर्षं त्यांनी केंद्राच्या रोपवाटिकेत काढली होती. तिथे एक रोप वाळलं तरी साहेबांची बोलणी खावी लागत. या तंबूत त्यांची बदली होऊन दोनच महिने झाले होते.

“रंगराव, हा तांब्या तुमचा?”

“व्हय, मॅडम.”

“पाणी घालत होतात?”

रंगरावांनी मान खाली घातली. “रोज एक तांब्या. दुपारी, तुमी जेवायला गेल्यावर. चुकलं माजं. पर डोळ्यांदेखत मरतंय ते बघवत न्हाई.”

सुनीती रागावली नाही. रागवायलाही काहीतरी शिल्लक असावं लागतं. तिने टेबलाच्या खणातून लाल फीत काढली. बाद झालेल्या कुंडीला लाल फीत बांधायची, ही तंबूची रीत होती. सतराच्या गळ्याभोवती फीत गुंडाळून ती गाठ मारू लागली तसे रंगराव पुढे आले.

“हिला का बांधताय?”

“तुम्ही पाणी घातलंत म्हणून.”

“हिला थेंब न्हाई घातला. शेजारच्या सोळाला घालत हुतो.”

सुनीतीने सोळा नंबरकडे पाहिलं. तिथे नुसत्या पिवळ्या काड्या उरल्या होत्या. तिने त्या कुंडीत बोट खुपसलं. माती ओलीगच्च होती. मग सतराच्या मातीत बोट घालायला गेली, तर नखच दुखलं. ती माती भाजलेल्या विटेसारखी झाली होती. जगलेल्यावर आधी संशय घ्यायचा, हे तिला शिकवलेलं होतं. मेलेल्याची माती तपासायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

रोज तांब्याभर पाणी पिऊनही सोळा रोगाने मेला होता. सतरा कोणाच्या मदतीशिवाय उभा होता.

“सतराला कशाला घालीन?” रंगराव म्हणाले. “ती बरी दिसत हुती. बरं दिसतंय त्याला कोन पानी घालतंय, मॅडम?”

सुनीती फीत सोडवायला गेली. गाठ सुटेना. शेवटी रंगरावांनीच ती सोडवली आणि नीट घडी करून टेबलावर ठेवली. आता तिला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी छातीत फार दुखलं. एक्केचाळीस दिवसांत पहिल्यांदाच दुखलं. ती कुंड्यांखालच्या विटांच्या ओट्यावर बसली.

रंगराव तांब्या उचलून बाहेरच्या नळावर गेले, तो विसळला, भरला आणि आणून तिच्यापुढे धरला.

तिने तो एका दमात संपवला. रिकामा तांब्या त्यांच्या हातात दिला.

“अजून एक द्या,” ती म्हणाली.